मामांनी विचारलं तेव्हा

मामांनी मला तो प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून मोसंबं सोलत होते. मामी खाली दळण आणायला गेल्या होत्या. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि आमचं दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. ते एकदम म्हणाले, "पोरी, यातनं काय मी उठत नाही आता. व्हय ना?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "काहीतरीच काय बोलताय मामा? ठणठणीत होणार तुम्ही."

"बरं," ते म्हणाले. मी दिलेली फोड त्यांनी हातात घेतली, पण तोंडात घातली नाही. रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला.

त्यानंतर तीन आठवडे त्यांनी मला काहीही विचारलं नाही. मी रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की पर्वती पायथ्याला जायचे, दीड-दोन तास बसायचे. नळाला पाणी कधी आलं, सिंहगड रोडला गर्दी होती का, असलं बोलणं व्हायचं. त्यांनी सगळ्या घरातून मला निवडून विचारलं होतं आणि मी त्यांना रिकाम्या हाती परत पाठवलं होतं. हे मला रोज परतीच्या वाटेवर कळायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेले की काय बोलावं ते सुचायचं नाही.

मामा पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर, ड्रायव्हर होते. १९८० साली लागले, २०१३ साली निवृत्त झाले. मधे २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झालं, पण त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत पीएमटीच राहिलं. १९९६ साली माझे वडील गेले. मी तेव्हा दहावी झालेली. मामा सासवडला आले, आईला म्हणाले, "हिला पुण्याला नेतो, अकरावीला घालतो." त्यांच्या दोन खोल्यांत ते, मामी आणि त्यांचा मुलगा, दादा, असे तिघं होते, मी चौथी. पाच वर्षं मी तिथे राहिले.

आजार जानेवारीत कळला. खोकला दिवाळीपासून होता, मग जिना चढताना दम लागायला लागला. छातीत पाणी झालेलं निघालं. ते काढून तपासलं, सुईने तुकडा घेतला, आणि फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, मणक्यात आणि यकृतात पसरलेला, असं निदान झालं. केमोच्या दोन सायकल झाल्या. दुसरीनंतर मामा इतके खंगले की पुढची देता आली नाही. ज्या हॉस्पिटलात हे सगळं चाललं होतं तिथल्या डॉक्टरांनी दादाला केबिनबाहेर, लिफ्टजवळ उभं करून सांगितलं, "आता आमच्याकडे करण्यासारखं काही नाही, घरी न्या." उभ्या उभ्या दोन मिनिटांत. पुढे काय होईल, दुखलं तर काय द्यायचं, दम लागला तर कुठे जायचं, यातलं काही नाही.

दादाने घरी येऊन सगळ्यांना बजावलं, "बाबांना काही कळता कामा नये. ते खचतील." म्हणून मामांना सांगितलं गेलं की छातीत पाणी होतंय, औषधाने आटेल. दर पंधरा दिवसांनी पाठीतून सुई घालून लिटरभर पाणी काढायचे, आणि हा माणूस गप्प बसून ते काढून घ्यायचा. तेहेतीस वर्षं आरशात मागचं बघत गाडी चालवलेला माणूस. आपल्या पाठीमागे घरात काय कुजबुज चाललीय हे त्याला कळत नसेल, असं आम्ही कसं धरून चाललो होतो कुणास ठाऊक.

भेटायला माणसं खूप यायची. सगळी प्रेमाने यायची, कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण त्यांच्या बोलण्याने मामांचा चेहरा कसा होतो ते मी जवळून बघत होते. "पॉझिटिव्ह राहा, अर्धा आजार मनाचाच असतो" असं एकजण म्हणाले, म्हणजे तो अर्धा मामांनी मन कच्चं ठेवून वाढवला होता. एका बाईंनी त्यांच्या दिराची कहाणी सांगितली, एका वैद्याच्या काढ्याने तो उठून शेतात गेला म्हणे. डेपोतले एक जुने सहकारी पाठ थोपटत म्हणाले, "झुंजायचं मास्तर, हरायचं नाही." ते गेल्यावर मामा मामींना म्हणाले, "झुंज कसली, बसून तर आहे." आणि विड्यांचा विषय. मामांनी विडी १९९८ साली सोडली होती. तरीही दर चार माणसांमागे एकजण विचारायचा, "ओढत होते ना पूर्वी?" आजारी माणसासमोर बसून त्याच्या आजाराचं कारण शोधायचं नसतं, एवढं तरी आपल्याला कळायला हवं. त्या चौकशीने विचारणाऱ्याला धीर येतो, की आपण ओढत नाही, म्हणजे आपल्याला होणार नाही. आजारी माणसाच्या पदरात मात्र दुखण्याबरोबर गुन्हाही पडतो.

मीही त्याच माणसांतली होते. माझं "ठणठणीत होणार तुम्ही" त्यांच्या बोलण्याहून वेगळं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला मणक्याचं दुखणं असह्य झालं. रात्र रात्र मामा उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसायचे. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने पॅलिएटिव्ह केअर हा शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर घातला, म्हणजे आजार बरा होणारा नसला तरी दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांकडून पैसे घेत नाहीत, हेही मला तोवर माहीत नव्हतं. त्या रस्त्याने मी किती वेळा गेले असेन. शोधाशोध केली, फोन केले, आणि घरी येणाऱ्या एक सिस्टर आणि डॉक्टर आम्हाला मिळाले.

पहिल्या भेटीत सिस्टर आल्या आणि त्यांनी आधी खुर्ची ओढून मामांच्या डोळ्यांच्या पातळीवर बैठक मारली. इतके दिवस आम्ही सगळे उभे राहून बोलत होतो हे मला त्या वेळी लक्षात आलं. त्यांनी मामांनाच विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" दादा उत्तर द्यायला पुढे झाला, तर हात वर करून त्याला थांबवलं. मामा बोलले. पाठ, दम, आणि संडासला होत नाही, या क्रमाने.

मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या. दादा आधी तयार नव्हता, "नशा लागेल, शेवटचं औषध आहे ते," म्हणत होता. डॉक्टरांनी समजावलं की दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनची अशी नशा लागत नाही, आणि ते आजाराच्या टप्प्यावर नाही, दुखण्याच्या तीव्रतेवर द्यायचं असतं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधे झोपेतून उठवायला नको. सोबत पोट साफ होण्याचं औषध, ते न चुकता. आपल्याकडे १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध ठेवणंच इतकं जिकिरीचं झालं होतं की दुखणाऱ्या माणसापर्यंत ते पोचायचं नाही. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा वाट थोडी मोकळी झाली. चौथ्या दिवशी मामा आडवे होऊन सहा तास झोपले. मामी दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत रडल्या.

दुखणं हटल्याशिवाय धीराचे शब्द कुणाच्या कानातच शिरत नाहीत. मी तीन आठवडे शब्द शोधत होते, आणि ज्या माणसासाठी शोधत होते त्याची पाठ जळत होती.

दुसरी गोष्ट सिस्टरांनी शिकवली ती अगदी साधी, पंख्याची. दम लागला की खिडकी उघडायची आणि टेबलपंखा तोंडावर धरायचा. गालांना, नाकाला वारा लागला की दम कोंडल्याची जाणीव कमी होते. मी मंडईजवळून एक पंखा घेऊन आले आणि तो मामांच्या उशाशी, डावीकडे, कायमचा राहिला.

जिन्यात निरोप घेताना मी सिस्टरांना त्या प्रश्नाबद्दल सांगितलं. आपण काय म्हणायला हवं होतं, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "आधी उत्तर देऊच नका. 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारा. मग गप्प बसा. ते बोलेपर्यंत बसा." मी म्हटलं, आता ते विचारतच नाहीत. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही विषय काढा. ते थांबले असतील तुमच्यासाठी."

दादाशी आधी बोलावं लागलं. तो चाकणला कामाला आहे, पाळ्या असतात. एका दुपारी आम्ही लक्ष्मीनारायण टॉकीजच्या बाजूला चहा घेत उभे होतो. तो चिडला. "तू सांगून मोकळी होशील, बघायचं मला आहे." मी म्हटलं, "दादा, त्यांना माहीत आहे. त्यांनी मला विचारलंय." तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला नाही जमणार. तू बोल." तेवढी परवानगी मला पुरली.

एप्रिलच्या मध्यावर एका रात्री त्याची रात्रपाळी होती म्हणून मी तिथे राहिले. पहाटे साडेतीनला मामा उठून बसलेले दिसले. पंखा लावला, दम बसला. मी खुर्ची ओढली.

"मामा, मागे तुम्ही मला एक विचारलं होतंत. यातनं उठणार नाही का म्हणून. मी घाबरले आणि काहीतरी बोलून गेले. माझं चुकलं. अजून विचारायचं असेल तर विचारा. मी खोटं बोलणार नाही."

ते काही बोलले नाहीत. मोरीतला नळ ठिबकत होता. मला तीन वेळा बोलायची उबळ आली आणि तीनही वेळा मी ती गिळली.

"मला तेव्हाच कळलं, तुला ठावं आहे म्हणून," ते म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं मामा?"

"पावसाळा बघीन. दिवाळी नाही."

"डॉक्टरांनाही तसंच वाटतंय."

हे वाक्य उच्चारायला मी इतके दिवस भीत होते. त्यांनी मान हलवली, पाठ भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मग झालं तर." आवाजात रडं नव्हतं. खांद्यावरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसे ते बसले. आणि मग महिन्यांनंतर पहिल्यांदा बोलायला लागले.

त्यांना मरणाची भीती मला वाटत होती तशी नव्हती. "पाण्यात बुडाल्यागत जायचं का मी?" असं त्यांनी विचारलं. छातीतलं पाणी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. याचं उत्तर मी सिस्टरांना आधी विचारून ठेवलं होतं, आणि ते विचारून ठेवलं म्हणूनच देता आलं. मी म्हटलं, "दम लागेल मामा. पण त्यावर औषध आहे, ते या डब्यात आहे, रात्री दोनला लागलं तरी देता येतं. सिस्टरांचा फोन रात्रीही लागतो. शेवटी शेवटी तुम्ही जास्त झोपाल. तडफडू देणार नाही तुम्हाला." डबा उघडून दाखवला. कुठली पट्टी कशाची ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. ड्युटीवर जाण्याआधी गाडी तपासायचे तसं.

मग मामींचा विषय निघाला. मामी बँकेत कधी एकट्या गेल्या नव्हत्या. पेन्शन तुटपुंजी, पण तिचं पुढे काय? पीएफच्या त्या पेन्शनची निम्मी रक्कम पत्नीला मिळते, असं मी सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात कागद एका पिवळ्या फायलीत लावले, मामींना बँकेत घेऊन गेले, परत आल्यावर मामांनी त्यांची तोंडी परीक्षा घेतली. शिवाय मामांना मशीनवर जायचं नव्हतं. "नळ्या घालून ठेवू नका मला." असं आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्य केलाय, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धतही सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. तेही केलं. सही करताना मामांचा हात थरथरला नाही.

त्या पहाटे शेवटी ते म्हणाले, "आणि दादाला सांग, माझी दाढी त्याने करावी. न्हाव्याला बोलावून घेतो तो."

मी सांगितलं. दादाला बोलणं जमणार नव्हतं ते खरंच होतं. पण त्या दिवसापासून पाळी कुठलीही असो, तो एक दिवसाआड वाडगाभर गरम पाणी घेऊन मामांपुढे बसायचा, गालाची कातडी दोन बोटांनी ताणून जपून वस्तरा फिरवायचा. दोघं एक अक्षर बोलायचे नाहीत. मी त्या वेळी मुद्दाम आत निघून जायचे.

मे महिन्यात रात्री जागताना मी फोनवर वाचत बसायचे. तिथे डेव्हिड टास्मा नावाच्या माणसाची हकिकत वाचली. वॉर्सातून आलेला ज्यू निर्वासित, लंडनमध्ये वेटर होता, चाळिशीत कॅन्सर झाला, त्या शहरात त्याचं जवळचं कुणी नव्हतं. १९४८ साल. सिसिली साँडर्स तेव्हा रुग्णालयात सामाजिक काम करत होत्या, त्या त्याला भेटायला जायच्या. एकदा त्याने त्यांच्याकडे धीर देणारं काहीतरी बोला म्हणून मागितलं. त्यांनी पाठ असलेलं एक स्तोत्र म्हणून दाखवलं. आणखी वाचून दाखवू का विचारलं, तर तो नको म्हणाला. त्याला फक्त त्यांच्या मनात आणि काळजात जे होतं तेवढंच हवं होतं. जाताना त्याने त्यांच्या पुढच्या कामासाठी पाचशे पौंड ठेवले, तुमच्या घरातली मी खिडकी होईन म्हणाला. साँडर्स पुढे शिकून डॉक्टर झाल्या, आणि एकोणीस वर्षांनी, १९६७ मध्ये, लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उभं केलं. आज जगभर मरणाऱ्या माणसांची जी काळजी घेतली जाते तिची ही सुरुवात. मामांच्या गोळ्यांची ती वेळापत्रकंसुद्धा, दुखायची वाट न बघता ठरल्या वेळी द्यायची, साँडर्सनीच रुजवलेली.

मी फोन खाली ठेवला आणि मामांकडे बघितलं. मी त्यांना खरं सांगितलं होतं, कागद केले होते, गोळ्या मोजत होते. माझ्या काळजात होतं ते मात्र अजून सांगितलं नव्हतं. आपल्या घरांत ते बोलायची रीत नाही. मामाला भाचीने आभार कसले मानायचे.

पुढच्या रविवारी मी बोलले. बोलायचं ठरवून गेले होते तरी घसा भरून आला. "मामा, अकरावीला तुम्ही मला जुन्या बाजारातून सायकल आणली होती. रविवार होता. तुम्ही रात्रपाळी करून तसेच गेला होतात. पाच वर्षं ठेवून घेतलंत मला घरात. जेवायला वाढताना, फी भरताना, कधी एकदाही मला जाणवू दिलं नाहीत की मी पाहुणी आहे. मी आज जी काही आहे ती त्यामुळे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही."

मामा छताकडे बघत राहिले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "चेनकव्हर नव्हतं गं तिला. तुझा ड्रेस काळा व्हायचा. लावायचं राहूनच गेलं."

अठ्ठावीस वर्षं त्यांच्या ध्यानात चेनकव्हर राहिलं होतं. मी त्यांचा हात धरून बसले, आणखी काही बोलले नाही, त्यांनीही नाही. त्या रविवारनंतर मला त्यांच्याकडे जाताना काय बोलू ही काळजी कधी वाटली नाही. काही दिवस तर दोन वाक्यांच्या वर बोलणं व्हायचंच नाही.

पालख्या पुण्यात आल्या तेव्हा ते बराच वेळ झोपेतच असायचे. आई सासवडहून आली होती. जाग आली की विचारायचे, "माउली दिवेघाट चढली का?" आम्ही सांगायचो, उद्या निघतील, आज निघाली, आता चढली. खाणं सुटलं होतं. मामी पेजेची वाटी घेऊन बसायच्या, "दोन घास तरी," म्हणायच्या. सिस्टरांनी त्यांना जवळ घेऊन सांगितलं की शरीर आता अन्न मागत नाही, ते खात नाहीत म्हणून जात नाहीयेत. मामींना हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं, नाहीतर त्या वाटीचा अपराध त्यांनी जन्मभर बाळगला असता. मग त्या पेजेऐवजी ओला कापूस घेऊन त्यांचे ओठ पुसायला लागल्या.

शेवटच्या दोन दिवसांत घशात घरघर सुरू झाली. ऐकणाऱ्याला ते फार भयंकर वाटतं. सिस्टर म्हणाल्या, याचा त्यांना त्रास होत नाहीये, कुशीवर वळवा, आणि बोलत राहा, ऐकू येत असेल असं धरूनच बोला. म्हणून आम्ही बोलत राहिलो. मी काय बोलले? "मामा, मी आहे. मामी उजवीकडे बसल्यात. आई पायाशी आहे. दादा कंपनीतून निघालाय, वाकडपर्यंत आलाय. आता आला, जिना चढतोय." एवढंच. दादा आला, त्याने चपलाही काढल्या नाहीत, येऊन त्यांच्या गालावर हात ठेवला. परवाच केलेली दाढी होती.

पहाटे पावणेसहाच्या सुमाराला एक श्वास आला आणि मग पुढचा आलाच नाही. बाहेर पाऊस लागला होता. बराच वेळ कोणीच हललं नाही.

मग मामींनी मामांच्या अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढली आणि मला म्हणाल्या, "पंखा बंद कर गं. गारठा लागेल त्यांना."